ओवणाऱ्या बाया

कापसाचा चुकारा हाती आला की वऱ्हाडातल्या घरांत खरेदीची यादी निघायची. सोसायटीचं कर्ज, किराणा, पोरांचे कपडे, घरात लग्न असेल तर भांडीकुंडी. ही यादी माणसं कागदावर लिहायची. बायांची एक मागणी मात्र त्या कागदावर कधी चढली नाही. बाजाराला निघालेल्या माणसाला दारात थांबवून ती तोंडी सांगितली जायची : "लाल अन् हिरव्या मण्यांच्या दोन दोन लड्या आणजा, पांढऱ्या जास्त आणजा, अन् तंगूस इसरू नोका."

अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात ज्यांचं बालपण १९६० ते १९८५च्या दरम्यान गेलं, त्यांच्या कानांना ही मागणी ओळखीची असेल. आमचं घर दर्यापूरच्या बाजूचं. त्या काळी शकुंतला गाडीनं मूर्तिजापूरला उतरलं की मोठ्या लाइनीवर एकीकडे अकोला, दुसरीकडे बडनेरा आणि अमरावती. कापडाला अकोल्याचा टिळक रोड बरा आणि मण्यांना अमरावतीचा, जवाहर गेटच्या आतला बाजार बरा, असं घरातल्या बायांचं ठाम मत होतं. १९७२मध्ये सरकारची एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, चुकारे हप्त्यांनी मिळू लागले आणि मणीही तसेच हप्त्यांनी घरी येऊ लागले. त्याच सुमारास दुष्काळ पडला. त्या साली नवे मणी आलेच नाहीत, तेव्हा बायांनी जुनी तोरणं उसवली आणि त्याच मण्यांतून नवी केली.

मोठी आई, आई, काकू आणि माहेरी परत आलेली आत्या, अशा चौघी आमच्या घरात ओवायच्या. आळीतल्या प्रत्येक घरात अशी कोणी ना कोणी होतीच. दुपारी चूल विझली, झाकपाक झाली, की ओसरीवर दाराच्या उजेडात बैठक बसायची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे जातो. त्या दिवसांत गावभर बाहेर चिटपाखरू नसायचं आणि ओवणं मात्र जोरात चालायचं. उन्हानं मेण इतकं मऊ व्हायचं की दोऱ्याला लावायचा मेणाचा गोळा पाण्याच्या वाटीत ठेवावा लागे. "बाया बसल्या मणी ओवत," एवढीच त्या कामाची दखल घरातली माणसं घ्यायची. या बायांना कोणी कलावंत म्हटलं नाही. मला म्हणायचं आहे. त्यांचं काम हाताच्या अंतरावरून पाहिलेल्या मुलीची ही साक्ष आहे.

मणी घरात आले की ओवायला लगेच घेत नसत. आधी निवडायचे. काचेचा बारीक मणी करताना भट्टीत काच वितळवून तिची पोकळ नळी ओढतात, नळीचे तुकडे करतात आणि तुकड्यांच्या धारदार कडा पुन्हा तापवून गोल करतात. उत्तर प्रदेशात फिरोजाबाद आणि पुरदिलनगर ही काचेच्या आणि मण्यांच्या कामाची जुनी गावं. हातानं चालणाऱ्या अशा कामात एक मणी जाड, दुसरा पातळ, तिसऱ्याचं भोक तिरपं निघणारच. मोठी आई तांदूळ निवडायच्या ताटात पांढरं फडकं अंथरायची, त्यावर लडी सोडायची आणि बोटाच्या टोकानं मणी वेगळे करायची. जाड एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला, भोक बुजलेले तिसऱ्या बाजूला. हे तिसरे आम्हा पोरींना खेळायला मिळत.

जाड आणि बारीक मणी एका ओळीत मिसळले की माळ वाकडी जाते. पण हाच दोष या बायांनी कामाला लावला होता. गळ्यालगतची रुंद माळ करताना आतल्या ओळीला बारीक मणी घ्यायचे, मधल्या ओळीला मध्यम आणि बाहेरच्या ओळीला जाड. मग माळ आपसूक गोल वळते आणि गळ्याच्या हाडांवर सपाट बसते. नाहीतर ती कडेनं उभी राहते आणि टोचते. हे कुठल्या पुस्तकात त्यांनी वाचलं नव्हतं. किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक १९३०पासून निघत होतं, ते आळीतल्या एका घरी यायचं आणि हातोहात फिरायचं. त्यातल्या विणकामाच्या आकृत्या आई बघायची. पण गळ्यावर माळ कशी बसते, हे ती आमच्या गळ्यावर बघून शिकली. ओवता ओवता हाक मारायची, "ये वं, मान दाखव," आणि अर्धवट माळ सुईसकट गळ्याला लावून पाहायची.

निवडलेले मणी ठेवायला अफगाण स्नोच्या रिकाम्या बरण्या आणि होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या बाटल्या असत. एकेका बाटलीत एकेक रंग. त्या सगळ्या बाटल्या डालड्याच्या डब्यात. डब्यात वरच्या बाजूला मेण, कात्री, दोऱ्याची रिळं आणि कापडाच्या घडीत खोचलेल्या बारीक सुया. मण्याची सुई इतकी बारीक की तिच्या नेढ्यात दोरा घालणं ही आम्हा लहान डोळ्यांची नेमून दिलेली कामगिरी होती. दोऱ्याचं टोक मेणातून ओढायचं, चिमटीत चपटं करायचं आणि उजेडाकडे धरून आरपार घालायचं. सुया मोजून ठेवल्या जात आणि संध्याकाळी मोजूनच डब्यात जात. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत सगळं घर ओसरी चाळत बसे.

सोनं असताना मण्यांचा एवढा सोस का, असा प्रश्न पडेल. सोनं सगळ्यांकडे नव्हतं हे पहिलं उत्तर. दुसरं उत्तर त्या काळातल्या कायद्यात आहे. १९६३च्या जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. १४ कॅरटपेक्षा जास्त शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे ती अट सैलावली, पण १९६८मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९०पर्यंत टिकला. सोनारांच्या घरांवर त्या नियमांनी काय आणलं, ते त्या पिढीतल्या लोकांना विचारावं. आमच्यासारख्या घरांत लग्नाच्या मुलीला सोन्याचे मणी मोजके घालायचे आणि त्यांच्या मधल्या जागा काळ्या, लाल, मोतिया मण्यांनी भरायच्या, ही रीत तेव्हा आणखी पक्की झाली. चार सोन्याचे मणी बारा मण्यांच्या जागी शोभून दिसले पाहिजेत, अशी बेरीज ओवणारीला जमवावी लागे. त्यासाठी ती सोन्याचा मणी कधीच दुसऱ्या सोन्याच्या मण्याशेजारी ठेवत नसे. दोहोंच्या मध्ये काळा घालायची. काळ्याशेजारी सोनं उजळ दिसतं.

वर्षभर कामाला खळ नव्हता. पोळ्याला बैलाच्या कपाळावरच्या मठाटीला मणी आणि कवड्या लागत. कवडी ओवायची तऱ्हा आमच्या बायांनी तांड्यावरच्या बंजारा बायांची पाहून घेतली होती. बंजारा बाईच्या कांचळीवर कवड्या, मणी आणि आरसे कसे बसवलेत, हे त्या आठवडी बाजारात उभ्या उभ्या निरखत आणि घरी येऊन करून बघत. भाद्रपदात भुलाबाई बसायची. पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर गाणी आणि खिरापत, आणि मातीच्या भुलाबाईच्या गळ्यात घालायला आम्ही पोरी स्वतः ओवलेली माळ. पहिली माळ प्रत्येकीची तिथंच झाली. ती वाकडी असो, विरळ असो, भुलाबाईला चालत असे.

मोठी परीक्षा महालक्ष्म्यांची. वऱ्हाडात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. आंबील, पुरण, सोळा भाज्या, कथली, वर टांगलेला फुलोरा हे सगळं सांभाळून बायांना दोन्ही देवींचा साज नव्यानं करायचा असे. ज्येष्ठा आणि कनिष्ठा यांचे दागिने अगदी सारखे हवेत. एकीला कमी, एकीला जास्त हे देवीच्या बाबतीत चालत नाही. म्हणून जो नमुना करायचा तो दोनदा करायचा, मण्याला मणी जुळवून. बायांच्या गळ्यातली माळ बारीक कामाची असे, पण देवीची ठसठशीत, कारण ती ओसरीवर उभं राहून दिसली पाहिजे. तिथं फिके रंग चालत नसत. लाल, हिरवा, पिवळा, मध्ये पांढऱ्याची रेघ. पांढऱ्या रेघेशिवाय लाल आणि हिरवा दुरून एकच काळपट पट्टा दिसतो, हे काकूचं सांगणं आजही रंगकाम शिकवणाऱ्याला मान्य व्हावं.

संक्रांतीला हलव्याचे दागिने. हलव्याच्या दाण्याला भोक नसतं, त्यामुळे सुई निरुपयोगी. दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा पकडायचा, गाठ आवळायची, पुढचा फास. गाठ सैल राहिली तर दाणा गळतो, जास्त आवळली तर काटे झडतात. नव्या सुनेचा पहिला सण आणि लहानग्याचं बोरन्हाण या दोन्हींसाठी हार, बाजूबंद, मुकुट, बांगड्या होत. लग्नसराईत रुखवत. मण्यांनी मढवलेला नारळ, मण्यांची समई, राघू-मैना आणि दाराचं तोरण. तोरणावर बहुतेक वेळा 'सुस्वागतम्' लिहिलेलं असे.

हे 'सुस्वागतम्' आत्या करायची. आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. अक्षरं तिला मण्यांच्या मोजणीनं ठाऊक होती. पहिल्या ओळीत सलग मणी, ती शिरोरेघ. मग एकेक सर खाली सोडायची. या सरेत तिसरा मणी लाल, पुढच्या सरेत तिसरा आणि चौथा, त्याच्या पुढच्या सरेत एकही नाही. सगळ्या सरा शेजारी शेजारी लोंबल्या की अक्षर उभं राही. देवनागरी अक्षरं रेघेला टांगलेली असतात आणि तोरणही दाराला टांगलेलं. या कामासाठी याहून सोयीची लिपी नसेल. एका लग्नात 'शुभविवाह' असं तोरण हवं होतं. तेव्हा माझ्या मोठ्या बहिणीनं गणिताच्या चौकटीच्या वहीत अक्षरं काढली, एका चौकटीत एक मणी अशी. आत्यानं ते पान समोर ठेवलं, बोटानं चौकटी मोजल्या, दोन-तीनदा पुटपुटली आणि पान परत दिलं. तोरण पूर्ण होईपर्यंत तिनं ते पुन्हा मागितलं नाही.

आता जिथं आम्ही सगळ्या भान विसरून बसायचो ते काम सांगते. मण्यांचा चेंडू. किल्लीच्या जुडग्याला, तोरणाच्या टोकाला, पंख्याच्या दोरीला लावायला हे चेंडू होत. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, हातभर घ्यायचा. त्यात पाच मणी ओवायचे आणि पाचव्या मण्यातून तंगुसाचं दुसरं टोक उलट बाजूनं घालून दोन्ही टोकं ओढायची. पाच मण्यांचं एक कडं होतं. दुसऱ्या कड्याला पाच नवे मणी लागत नाहीत, कारण पहिल्या कड्यातला एक मणी त्यात सामील आहे. चार पुरतात. तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला तीन, सहाव्याला दोन. इथवर आलं की हातात एक खोलगट वाटी तयार होते. मग पुन्हा तीन, दोन, दोन, दोन, एक. आणि बारावं कडं? त्याला एकही मणी लागत नाही. शेजारच्या कड्यांचे पाच मणी आधीच तिथं असतात. तंगूस ओढला की ते आपोआप मिटतं आणि चेंडू टणक होतो.

"पाच, चार, तीन-तीन-तीन, दोन, तीन, दोन-दोन-दोन, एक," हे आईनं आम्हाला पाढ्यासारखं म्हणायला लावलं. तोंडानं म्हणायचं आणि हातानं ओवायचं. बारा कडी, प्रत्येकात पाच मणी, म्हणजे साठ व्हायला हवेत, पण लागतात तीसच, कारण प्रत्येक मणी दोन कड्यांत उभा आहे. कॉलेजात भूमितीच्या पुस्तकात द्वादशफलक भेटला. पाच बाजूंची बारा पृष्ठं, तीस कडा. ग्रीक गणितज्ञांनी या आकृतीचा अभ्यास दोन हजार वर्षांपूर्वी केला होता. चौथी शिकलेल्या माझ्या आईला त्याच्या तीसही कडा बोटांवर पाठ होत्या, आणि कुठलं कडं किती नवे मणी मागेल हे ती डोळे मिटून सांगायची. आमच्या आळीतल्या बहुतेक बायांना ते येत होतं. गणित हा बायांचा प्रांत नाही असं म्हणणाऱ्या माणसांच्या घरात, त्यांच्याच ओसरीवर, हे रोज दुपारी चालत होतं.

सगळंच काम घरी होत नसे. मंगळसूत्राची काळी पोत, मोठ्या आईची गरसोळी, बोरमाळ हे गाठवायला सराफ्यात पटव्याकडे जायचं. अमरावतीच्या सराफ्यात दुकानाच्या ओट्यावर पटवा बसायचा. रेशमी दोरा पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणायचा, एका हातानं दोरा पिळत दुसऱ्या हातानं मणी सरकवायचा आणि दर थोड्या अंतरावर गाठ अशी मारायचा की ती दिसू नये. पोत गाठवून होईपर्यंत बाई तिथून हलत नसे. सौभाग्याचा दागिना नजरेआड करायचा नाही. आमच्या घरातल्या बाया तिथं बसून पटव्याचे हात बघत आणि घरी येऊन तीच गाठ सुती दोऱ्यावर करून पाहत. एखादी जमली की आळीभर वार्ता जाई. पुढे आळीतल्या मुलींच्या लग्नात दागिने गाठवायला आत्यालाच बोलावणं येऊ लागलं.

आणि आत्याबद्दल हे सांगितलंच पाहिजे. ती तरुणपणी विधवा होऊन माहेरी आली होती. काळे मणी तिच्या गळ्यात पुन्हा कधी आले नाहीत. रंगीत माळाही तिनं घातल्या नाहीत. कोणी मना करण्याची वेळच येऊ दिली नाही. हळदीकुंकवाला ती आत स्वयंपाकघरात असायची. पण लग्न ठरलं की नवरीची काळी पोत ओवायला आत्याच लागे, कारण तिच्याइतका समान ताण कुणाच्या हाताला नव्हता. ओवून झाली की पोत ती आईच्या हातात द्यायची आणि आई ती देवाजवळ ठेवायची. मांडवात आत्या नसायची. आमच्या घराचा हा रिवाज होता, आणि तो अन्यायाचा होता. आमच्या पिढीला तो दिसत असूनही आम्ही तो बदलायला फार वेळ लावला. दर्यापूरच्या त्या आळीत कितीतरी संसारांच्या गळ्यात आत्याच्या हातचे मणी होते. ती गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत स्वतःचा असा एकही दागिना नव्हता. एका कापडाच्या पिशवीत ओवून ठेवलेले नमुने होते. बोटभर लांबीचे, प्रत्येक वेगळा, प्रत्येकाच्या टोकाला गाठ. कोणत्या लग्नात कोणता नमुना केला, याची ती तिची वही होती.

ते नमुने हातात घेतल्यावर मला जे उमगलं ते आमच्याच भागातल्या जुन्या मण्यांमुळे. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. विदर्भाची प्राचीन राजधानी, रुक्मिणीचं माहेर म्हणून आपण त्याला ओळखतो. तिथं १९६०च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी उत्खनन केलं. दीक्षित हे मण्यांचे मोठे अभ्यासक. तांबड्या अकीकावर सोड्याच्या लेपानं नक्षी काढून, तो तापवून पांढऱ्या रेघा कायमच्या उमटवायची प्राचीन कला होती. अशा मण्यांवर त्यांचा ग्रंथ १९४९मध्ये निघाला, आणि भारतीय काचेचा इतिहास सांगणारा त्यांचा ग्रंथ १९६९मध्ये. नागपूरजवळचं माहुरझरी तर अकीक आणि इतर दगडांचे मणी घडवण्यासाठी प्राचीन काळापासून प्रसिद्ध. म्हणजे मणी करणं आणि मणी ओवणं या मुलखात दोन हजार वर्षांपेक्षा जुनं आहे.

पण जमिनीतून मणी निघतात ते सुटे. दोरा कुजून गेलेला असतो. तांबड्याच्या शेजारी कोणता मणी होता, किती तांबड्यांनंतर एक पांढरा होता, मधोमध काय होतं, हे सहसा कळायचा मार्ग उरत नाही. दगड दोन हजार वर्षं टिकला आणि ओवणारीनं लावलेला क्रम दोरा तुटला त्या दिवशी गेला. त्या बाईची कला त्या क्रमात होती. मणी कारागिराचा, भट्टीचा, बाजाराचा. कोणता मणी कोणाशेजारी बसेल हे ठरवणं एवढंच ओवणारीचं स्वतःचं, आणि तेवढ्यात तिची सगळी कला. आमच्या चौघींनी आयुष्यभर हेच केलं. स्वयंपाकात काय करायचं हे जेवणारे ठरवत, कोणाकडे कधी जायचं हे घरातले वडीलधारे ठरवत. लालशेजारी पांढरा की पिवळा, हे मात्र त्यांना कोणी सांगू शकलं नाही.

म्हणूनच या कामातलं फार थोडं मागे राहिलं. तोरणं उन्हानं विटली, तंगूस पिवळा पडून कडक झाला आणि तुटला, महालक्ष्म्यांचा साज दर काही वर्षांनी उसवून पुन्हा ओवला गेला. जुनं मोडून त्याच मण्यांचं नवं करायचं ही बायांची रीतच होती, आणि जोवर क्रम डोक्यात होता तोवर त्यात नुकसान काहीच नव्हतं. १९९०नंतर ते डोक्यातलं मागायला कोणी उरलं नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, एक ग्रॅम सोन्याचे आणि साच्यातले दागिने दुकानोदुकानी आले, प्लॅस्टिकची तयार तोरणं शंभर घरांत एकसारखी लटकू लागली. मुली शिकायला आणि नोकरीला बाहेर पडल्या, हे फार चांगलं झालं. पण त्या बाहेर पडताना ओसरीवरची बैठक उठली. मोठ्या आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. तरी ती हातानं चाचपून मण्याची जाडी सांगायची.

आता हे काम वेगळ्या रूपात परत येताना दिसतं. १९७५मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानं महाराष्ट्रभर बचत गटांचं जाळं उभं केलं, आणि अशा गटांच्या प्रदर्शनांत मण्यांच्या दागिन्यांचं टेबल हमखास असतं. घरी बसून ओवणाऱ्या तरुण मुली आहेत. त्यांच्याकडे जपानी मणी आहेत, एकसारख्या मापाचे, निवडायची गरज नसलेले. त्या आधी चौकटीच्या कागदावर नमुना काढतात, रंग भरतात आणि मग सुई उचलतात. झुमक्यांच्या पाकिटावर त्यांचं नाव छापलेलं असतं, कामाची किंमत त्या स्वतः लावतात आणि घासाघीस करणाऱ्याला शांतपणे नाही म्हणतात. हे पाहून मला मनापासून आनंद होतो. आत्याच्या हाताला हे मिळायला हवं होतं.

एका गोष्टीची मात्र उणीव जाणवते. या मुली नमुने मोबाइलवर पाहून शिकतात. त्यामुळे अमरावतीत होणारी माळ आणि हजारो कोसांवर होणारी माळ एकसारखी दिसते. महालक्ष्म्यांची पांढऱ्या रेघेची माळ, आतून बारीक बाहेरून जाड अशी गळाबंद, राघू-मैना, सरांनी लिहिलेलं तोरण हे त्या मोबाइलात सापडणार नाही. ते अजून काही घरांत आहे. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, बाळापूर, चांदूर बाजार, अकोट अशा गावांत सत्तरी-ऐंशीच्या ज्या आज्या आहेत, त्यांच्या बोटांत आहे. त्यांना "नमुना सांगा" म्हटलं तर सांगता येत नाही. हातात सुई आणि मणी द्यावे लागतात, मग बोटं सांगतात.

आम्ही बहिणींनी आत्याच्या पिशवीतला एकेक नमुना चौकटीच्या वहीत उतरवून काढला आहे. प्रत्येक मण्याला एक चौकट, रंगीत पेन्सिलीनं भरलेली, खाली ओवायची दिशा बाणानं दाखवलेली. आळीतल्या ज्या दोघी-तिघी अजून आहेत त्यांच्याजवळ बसून राहिलेले काही नमुने घेतले. आता त्या पानांवरून आमच्या भाच्या ओवतात, त्यात आपले रंग घालतात आणि विकतातही. प्रत्येक पानावर, ज्या बाईकडून तो नमुना आला तिचं नाव वर लिहिलेलं आहे. भाच्यांना आम्ही एवढीच अट घातली आहे की नमुना वापरायचा तर त्या बाईचं नाव गिऱ्हाइकाला सांगायचं.

तुमच्या घरातही अशी कोणी असेल. आजी, आत्या, मोठी आई, माहेरची एखादी काकू. या दिवाळीला तिच्याकडे जाताना मिठाईबरोबर चार रंगांच्या लड्या, बारीक सुया, मेणाचा गोळा आणि चौकटीची वही घेऊन जा. दोरा तुम्ही सुईत घालून द्या, कारण ते आता तिच्या डोळ्यांना जमणार नाही, आणि पुढचं तिच्यावर सोडा. ती ओवेल तसं शेजारी बसून लिहून घ्या. मणी बाजारात कधीही मिळतील. कोणत्या मण्याशेजारी कोणता, हे तिलाच माहीत आहे, आणि ती आहे तोवरच ते विचारता येईल.